मापाचा दोरा

१

एकदा घेतलेलं माप पुन्हा घ्यायचं नाही.

आमच्या कारखान्यातला हा नियम आत्याने मला शिकवला, तेव्हा मी स्टुलावर चढल्याशिवाय मला टेबलावरचं काही दिसत नसे. का घ्यायचं नाही, असं मी विचारलं. आत्या म्हणाली, हेही विचारायचं नाही. आमच्या घरातल्या मोठ्यांना असंच आवडतं, एका दमात दोन दारं लावून घ्यायला.

कारखाना हा शब्द तसा फारच मोठा झाला. घरामागे एक लांबट खोली आहे, तिला एका बाजूने ओळीने खिडक्या, आणि आत आम्ही लांब धनुष्यं बनवतो. जुन्या पद्धतीची, एकाच लाकडातून काढलेली, माणसाएवढी उंच. पाठीला, म्हणजे निशाणाकडच्या बाजूला, सालीलगतचं पांढरं लाकूड असतं, पोटाला गाभ्याचं लाल. पांढरं ताणलं जातं, लाल दाबलं जातं. दोघांचं पटलं तर धनुष्य वाकतं, नाही पटलं तर एक दिवस कानाशी फाडकन मोडतं. बाबा तासतात, आत्या माणूस पारखते आणि मी मुठीला चामडं चढवते.

माणूस पारखणं म्हणजे गंमत असते. गिऱ्हाईक आलं की आत्या त्याच्यापुढे चहा ठेवते आणि कप कुठल्या हाताने उचलला ते बघते. पिशवी कुठल्या खांद्यावर आहे, जिना चढताना आधी कुठला पाय पडला, झोपताना कुठल्या कुशीवर. शेवटचं रडू कशाने आलं, हेसुद्धा ती विचारते आणि गंमत म्हणजे लोक सांगतात. मग भिंतीला पाठ लावून, हात पसरून उभं करायचं आणि मेण लावलेला सुती दोरा एका हाताच्या मधल्या बोटापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटापर्यंत धरायचा. दोन टोकांना दोन गाठी, गळ्याच्या खळगीपाशी एक. तो दोरा खुंटीवर टांगून ठेवतात. धनुष्य पूर्ण झालं की मी तो मुठीवर गुंडाळते आणि वरून चामडं शिवते. माणसाचं माप त्याच्याच मुठीत राहतं, असं आत्या गिऱ्हाइकांना सांगते. त्यांचे डोळे भरून येतात.

मलाही ते छान वाटायचं. मग मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकले. तिथे पहिल्याच आठवड्यात सांगितलं की एकदाच घेतलेलं माप हे मापच नव्हे. ते पुन्हा पुन्हा घ्यायचं असतं. मी घरी येऊन हे बाबांना ऐकवलं, तेव्हापासून ते मला वकीलबाई म्हणतात.

२

माणसांना उभं करायची ती भिंत वाकफळीच्या शेजारी आहे. वाकफळी म्हणजे भिंतीला ठोकलेली उभी फळी. तिच्या माथ्यावर धनुष्य आडवं टेकवायचं, प्रत्यंचेला आकडा लावायचा आणि खालच्या कप्पीतून दोर ओढत ते कसं वाकतंय हे लांबून बघायचं. बाबांचा सगळा दिवस त्यात जातो. कप्पी कुरकुरते, थांबते, बाबा डोळे बारीक करून बघतात, पुढे येऊन चिमूटभर लाकूड खरवडतात, पुन्हा कप्पी. दुपारी सगळं घर पेंगत असतं तेव्हा तेवढा एकच आवाज चालू असतो. तो माझ्या कानांत इतका मुरला आहे की थांबला तरच मला ऐकू येतो.

त्या भिंतीवर माणसाचा डाग आहे.

त्यात नवल काही नाही. इतक्या पाठी टेकतात, इतके तेलकट केस आणि घामाचे तळवे. बस थांब्याच्या भिंतीलाही असे डाग असतात. बाबा दरवर्षी चुना मारतात आणि डाग हळूहळू वर येतो. पण एकदा दुपार उतरताना मी हात पुसत उभी होते, ऊन तिरपं भिंतीवर आलं होतं, आणि मला पहिल्यांदाच दिसलं की डागाला कड आहे.

जरा विचार करा. तिथे बुटके उभे राहतात, ताडमाड उभे राहतात, पोट सुटलेले, खांदे पडलेले, सगळे. सगळ्यांचा मिळून डाग पडला तर तो मधे गडद आणि कडेला विरत गेलेला हवा, हललेल्या फोटोसारखा. हा डाग हललेला नव्हता. कात्रीने कापून चिकटवल्यासारखा होता. एकच माणूस तिथे वर्षानुवर्षं मुळीच न हलता उभा राहिला असता तर पडला असता तसा. मान किंचित डावीकडे कललेली. उजवा हात डाव्यापेक्षा लांब.

बाबांना दाखवलं तर ते म्हणाले, त्या जागी चुना धरत नाही. आत्या म्हणाली, शिकून शिकून हिची नजर बिघडली. मी स्वतःची समजूत काढली की तिरप्या उन्हात काहीही लांब दिसतं. मग ढगाळ दिवशी जाऊन पाहिलं. तेव्हाही तो लांबच होता.

३

माझी धाकटी बहीण दिवसभर शिट्टी वाजवते, म्हणून घरात तिचं नावच शिट्टी पडलं. आई गेली तेव्हा ती एवढीशी होती. तिच्या वेण्या मी घातल्या, तिला पोहायला मी शिकवलं, तिचं पहिलं खोटं मी पकडलं आणि बाबांपासून मीच लपवलं. ती डावखुरी आहे. जेवताना तिचं कोपर माझ्या कोपराला लागतं आणि त्यावरून आमची रोज भांडणं. लिहिताना हात शाईवरून जातो, त्यामुळे तिच्या डाव्या तळव्याची कड कायम निळी. चित्रं मात्र अशी काढते की बघत राहावं.

तिला धनुष्य हवं होतं, लहानपणापासून. मला कधी नको होतं. उभी राहा म्हटलं की मला बसावंसं वाटतं, त्यामुळे माझं माप कोणी घेतलंच नाही. पण शिट्टीने कॉलेजात पाय ठेवला आणि बाबांनी हो म्हटलं. आमचं घर त्या दिवशी लग्नघर झालं.

लाकूड तिने स्वतः निवडलं. तुळयांवर ठेवलेल्या प्रत्येक दांड्यावर बोटाने टकटक करून कान लावायची आणि नाक मुरडायची. शेवटी एक गाठीचा दांडा निवडला. बाबांना गाठी आवडत नाहीत, पण त्यांनी कुरकुरत का होईना, गाठीभोवती लाकूड जाड ठेवून तासायला घेतलं. आत्याने तिला भिंतीशी उभं केलं, दोरा धरला, गाठी मारल्या. शिट्टीला गुदगुल्या होत होत्या. भिंतीवरचा डाग तिच्या मागून चहूकडून बाहेर दिसत होता, एखाद्या मोठ्या माणसाचा कोट अंगावर टाकावा तसा.

डावखुरा माणूस धनुष्य उजव्या हातात धरतो, त्यामुळे बाण लाकडाच्या उजव्या अंगावरून घासत जातो. घासून लाकूड खराब होऊ नये म्हणून तिथे मी शिंगाचा एक चिमुकला तुकडा बसवते. शिट्टीसाठी मी तो चंद्रकोरीच्या आकाराचा कापला. इतकं मन लावून मी परीक्षेचा पेपरही लिहिला नव्हता.

मग धनुष्य तिच्याकडे मुरायला दिलं. आमच्यात अशीच रीत आहे. मूठ उघडी ठेवायची, दोरा खुंटीवर ठेवायचा, माणसाने काही आठवडे ते कच्चं धनुष्य वापरायचं, मधून मधून आणून दाखवायचं, बाबा थोडं खरवडून परत देणार. सगळं जुळून आलं की मी दोरा गुंडाळायचा. दोरा आत गेला की धनुष्य पक्कं.

४

त्याच सुमारास आमच्या एक जुन्या गिऱ्हाईक मुठीचं चामडं बदलायला आल्या. दातांच्या डॉक्टर. हसऱ्या, बोलक्या बाई. दिवसभर ज्यांच्या तोंडात हात घालते ते बोलू शकत नाहीत, म्हणून बाहेर आल्यावर मी बोलून घेते, असं त्या म्हणायच्या. खिडकीशी स्टुलावर बसून त्यांनी मला त्यांच्या नव्या खुर्चीबद्दल, नवऱ्याच्या घोरण्याबद्दल सांगितलं, आणि मग पांढऱ्या कोटाची बाही ओढत म्हणाल्या, "तुमच्या ओळखीत कोणी चांगला लाँड्रीवाला आहे का? आमच्याने सगळे कोट आटवून ठेवलेत. आणि तेही उजव्या बाहीलाच."

मी जुनं चामडं उसवत होते. खालून तपकिरी पडलेला दोरा निघाला. आत्या आत गेली होती. बाबा वाकफळीशी पाठमोरे होते. मी दोरा सोडवला, सरळ केला, आणि चामड्याचा अंदाज घेते असं पुटपुटत डॉक्टरांना हात पसरायला सांगितलं.

गळ्यापासून डावीकडची गाठ बरोबर डाव्या मधल्या बोटाच्या टोकाला आली. उजवीकडची गाठ बोटाच्या मुळाशीच संपली. पूर्ण बोट पुढे उरलं होतं.

कप्पीचा आवाज थांबला, म्हणून मला कळलं की बाबांनी मान वळवली आहे. मी दोरा गुंडाळून टाकला. डॉक्टर हसत होत्या, आणि हसताना त्यांची मान किंचित डावीकडे कलली होती. ती आधीपासून तशीच असेल. दिवसभर रुग्णांच्या तोंडात वाकून बघणाऱ्या बाईची मान कलणारच. आणि सुती दोरा आटतो. त्या रात्री अंथरुणात पडून मी स्वतःला हे सांगितलं. सकाळी तसलाच दोरा बादलीत भिजवला, वाळवला, वजन लावून टांगला. त्यात केसभर फरक पडला, बोटभर नाही. आणि आटायचाच असता तर तो दोन्ही बाजूंनी आटला असता.

प्रौढ माणसाचा हात वाढत नाही. हे मला पक्कं माहीत आहे. मला ते इतकं पक्कं माहीत आहे की दिवसभर मी ते मनातल्या मनात म्हणत होते.

५

शिट्टीने धनुष्य दाखवायला आणलं, त्या दिवशी मी माझी चंद्रकोर बघायला म्हणून ते हातात घेतलं. शिंग स्वच्छ होतं. पॉलिश करून बसवलं होतं तसंच, चकचकीत. बाणाचा एकही ओरखडा नव्हता. मी धनुष्य फिरवलं. डाव्या अंगाला, जिथे मी काहीच बसवलं नव्हतं, तिथे लाकडावर ओरखड्यांचा पट्टा पडला होता.

मी तिला विचारलं, तू उजव्या हाताने ओढतेस का? ती म्हणाली, नाही, का? आणि समोरची बशी सरकवून चमच्याने खायला लागली. उजव्या हाताने. माझं कोपर मोकळं होतं. मला आठवेना की ते कधीपासून मोकळं आहे.

तेव्हा मी नीट बघायला लागले. तळव्यावरची निळी कड गेली होती. चित्रांच्या वहीत नवीन पान नव्हतं, आणि विचारलं तर म्हणायची, काढीन ना ताई, हात जरा जड झालाय. तिची चालही बदलली होती, पाण्यातून चालल्यासारखी सावकाश झाली होती. दुपारी खिडकीशी बसायची आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही यायचं की हाक मारायची भीती वाटावी. दुःख नव्हे. उलट फार निवांत. बस लांबच्या प्रवासाला निघाली की खिडकीतल्या माणसाचा चेहरा होतो, तसा. तिचं शिट्टी वाजवणं बंद झाल्याचं तर मला आत्यानेच सांगितलं, कौतुकाने. मुलगी किती शांत झाली बघ.

तिने मला तिचं एक स्वप्नही सांगितलं. हसत हसत सांगितलं. स्वप्नात ती एका जागी उभी असते, जागा तिच्यापेक्षा मोठी असते, चहूकडून गार हवा लागते. आणि दर वेळी हवा थोडी कमी लागते.

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. ऊब येत जाते. बरं वाटतं गं."

मी तडक आत्याकडे गेले. ती शेंगदाणे निवडत होती. मी तिला उजव्या हाताचं सांगितलं. वाटलं, घाबरेल, निदान हात थांबेल. ती निवडतच राहिली.

"सुटतं ते," आत्या म्हणाली. "माझंही सुटलं."

तिचा डावा हात मांडीवर पालथा पडला होता, काढून ठेवलेल्या हातमोज्यासारखा. मी जन्मापासून या बाईच्या हातचं खात आले होते, आणि ती कधीकाळी डावखुरी होती हे मला त्या दिवशी कळलं.

६

बाबांशी भांडायला मला निमित्त लागत नाही, पण त्या दिवशी मी नीट तयारी करून गेले. शिंगाचा तुकडा दाखवला, ओरखडे दाखवले, भिजवलेला दोरा दाखवला. म्हटलं, आपण गिऱ्हाइकांना सांगतो की धनुष्य माणसाला बसवून देतो. मग डॉक्टरांचा हात का वाढला? शिट्टीचा हात का बदलला?

बाबा रागावतील असं वाटलं होतं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खरवडायचं पातं कापडाने पुसलं आणि मला समजावल्यासारखं बोलले, लहानपणी सायकल शिकवताना बोलत तसं.

"लाकूड तासता येतं तेवढं मी तासतो. त्यापलीकडे तासलं तर मोडेल. उरलेलं माणसाने करायचं असतं."

उरलेलं म्हणजे काय, असं मी विचारलं. तेव्हा त्यांनी भिंतीकडे पाहिलं नाही. तिकडे जाऊ पाहणारी नजर त्यांनी आवरली, एवढंच मला दिसलं. मग म्हणाले की आजवर एकानेही तक्रार केलेली नाही. कोणी दुःखी आहे का सांग. मी म्हटलं, बाबा, तक्रार करायला माणूस तोच उरायला हवा ना. त्यावर ते म्हणाले, वकीलबाई, कप्पीला तेल द्या, फार कुरकुरतेय.

घरातली भांडणं अशीच संपतात. कोणीतरी मला काम सांगतं.

७

नदीपलीकडच्या मैदानात आमची गिऱ्हाइकं सकाळी नेमबाजीला जमतात. मी सहसा जात नाही. त्या सकाळी गेले, शिट्टीला परत आणायला, कॉलेजचा काहीतरी बहाणा करून.

धुकं होतं. गवतातून चालताना पावलांचा आवाज येत नव्हता. ते सगळे ओळीत, माझ्याकडे पाठ करून उभे होते. धुक्यात चेहरे नव्हते, नुसत्या पाठी. बुटके, उंच, जाडे, सडपातळ, ते ओळखू येत होतं. दातांच्या डॉक्टरही होत्या, पांढऱ्या स्वेटरमध्ये. मग कोणी काही न म्हणता सगळ्यांनी धनुष्यं उचलली, आणि उचलताना माना डावीकडे कलल्या. प्रत्येकाने ओढलं. उजवी कोपरं एका रेषेत मागे आली आणि थांबली. त्या थांबण्यात ओळीत एकच माणूस होता, पुन्हा पुन्हा ठेवलेला.

बाण सुटले. प्रत्यंचांचा एकच आवाज झाला, मऊ, उशीवर हात मारावा तसा.

मला शिट्टी सापडेना. इतक्या पाठींत मला माझ्या बहिणीची पाठ ओळखता येईना, जिच्या पाठीला मी साबण लावला आहे. तेव्हा मी आमची खूण वाजवली. दोन सूर, एक खाली, एक वर. गर्दीत हरवलो तर ती वाजवायची आणि दुसरीने उलट सुरांत उत्तर द्यायचं, असं आमचं तिच्या लहानपणापासून ठरलेलं आहे. दुसऱ्या कोणाला ती माहीत नाही.

सगळी ओळ वळली.

मोठा आवाज झाला की माणसं वळतात. वळणारच. मी एकटीच परत येताना पुलावर थांबून हे स्वतःला पटवलं. पण कुणीही दचकून वळलं नव्हतं. घरातल्या माणसाने हाक मारावी तसे ते वळले होते, सावकाश, माझी वाटच पाहत असल्यासारखे. आणि उत्तराची शिट्टी कोणी वाजवली नाही.

८

त्याच दुपारी कप्पी थांबलेली मला ऐकू आली.

मी चामडं भिजत घालत होते. हात पुसत कारखान्यात गेले. बाबा आणि आत्या बाकावर शेजारी शेजारी बसले होते, नाटकाला बसावं तसे. भिंतीला पाठ लावून शिट्टी उभी होती. हात पसरलेले, डोळे मिटलेले. तिला कोणी उभं केलं नव्हतं, ती आपणहून जाऊन उभी राहिली होती, असं आत्याने नंतर सांगितलं. उन्हात लाकडाची धूळ तरंगत होती, अगदी सावकाश. क्षणभर मलाही वाटलं की काय सुंदर दिसतेय ही.

मग मी कड शोधली. तिच्या डोक्याभोवती, खांद्यांभोवती, हातांखाली. कुठेच नव्हती. इतके आठवडे चहूकडून बाहेर दिसणारा तो मोठ्या माणसाचा कोट आता तिला नेमका बसला होता.

"बसलं," बाबा म्हणाले. 

"शिट्टे," मी म्हटलं, "पुढे ये."

तिने डोळे उघडले. एक पाऊल पुढे आली. मी तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं.

भिंत पांढरी होती. कोऱ्या कागदासारखी पांढरी, डाग कधी नव्हताच अशी.

दोघांपैकी कोणीच तिकडे बघत नव्हतं. ते शिट्टीकडे बघत होते. त्या नजरेत प्रेम होतं, आणि एक जुना आदर होता, जो आपल्या धाकट्या मुलीकडे बघताना कोणाच्या नजरेत नसतो. आत्या उठली. खुंटीवरून दोरा काढला. बाबांनी धनुष्य माझ्या टेबलावर ठेवलं, ओलं चामडं शेजारी, सुईत शिवायचा धागा ओवलेला. माझं स्टूलसुद्धा ओढून दिलं. एरवी माझं स्टूल मलाच ओढावं लागतं.

"गुंडाळ," आत्या म्हणाली. "आज चांगलं जमून आलंय. एकदा आत गेला की मग मागे फिरत नाही."

दोरा माझ्या हातात आला. तीन गाठी. हसता हसता मारलेल्या, त्यामुळे मधली जरा वाकडी. गळ्यापासून डाव्या बोटापर्यंत, गळ्यापासून उजव्या बोटापर्यंत, दोन्ही बाजू सारख्या. माझी बहीण कधीतरी एवढी होती, याचा जगात तेवढाच पुरावा उरला होता, आणि तो मी माझ्याच हाताने चामड्याखाली शिवून टाकायचा होता. मी इतक्या मुठी शिवल्या होत्या. टाके चांगले येतात म्हणून मला स्वतःचा अभिमान होता.

शिट्टी माझ्याकडे बघत होती, मान डावीकडे कलती ठेवून. तिचा उजवा हात जरा जास्तच खाली लोंबत होता. तिच्या चेहऱ्यावर तेच लांबच्या प्रवासाचं हसू होतं.

मी दोरा मुठीत घट्ट धरला.

"मी गुंडाळणार नाही."

बाबा म्हणाले, मग आत्या गुंडाळेल. हे ते इतक्या सहज म्हणाले, जणू मी फक्त आजच्या भांड्यांची पाळी चुकवत होते. आत्याने टेबलावरची सुई उचलली. ती तिच्या बोटांतून निसटली. तिने पुन्हा उचलली, पुन्हा निसटली. तिची बोटं आखडली, म्हणून तर मला हे काम शिकवलं होतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"मी हिचं माप पुन्हा घेणार आहे," मी म्हणाले. "याच दोऱ्याने. आणि जेवढं जुळत नाही तेवढं तुम्ही लाकडातून काढायचं, बाबा. मोडलं तर मोडू दे. हिच्यातून काही काढायचं नाही आणि हिच्यात काही घालायचं नाही. आणि का, हे आता मला विचारायचं नाही."

 मी शिट्टीला भिंतीपासून लांब, खिडकीशी उभं केलं, तिचे हात मीच धरून पसरले. उजवा लगेच वर आला, हलका, तयार. डावा पिशवीसारखा जड होता, मला तो खालून आधार देऊन धरावा लागला. मी वाकडी गाठ तिच्या गळ्याच्या खळगीवर टेकवली. तिथे नाडी उडत होती. मी उजवीकडे पाहिलं नाही. डावीकडची गाठ तिच्या बोटांत दिली आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन हळूच आमचे दोन सूर वाजवले.

तिने ओठांचा चंबू केला. आवाज आला नाही, नुसती हवा आली. पण डाव्या हाताची दोन बोटं गाठीवर मिटली.

मी मागे वळून पाहिलं. आता ओरडतील, नियम सांगतील, मला काहीतरी काम सांगतील, अशी मी वाट बघत होते. कप्पी थांबलेली होती. बाबांनी पहिल्यांदाच त्या पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आत्या सुई तिथेच सोडून पुन्हा बाकावर जाऊन बसली.

 आत्याचा डावा हात मांडीवर पालथा पडला होता. तिचं लक्षही नव्हतं तिकडे. तो हळूहळू उताणा होत होता, आणि त्याची बोटं एकेक करून उघडत होती.